नव्या दुर्बिणीसाठी आधी आयपीस, मग फिल्टर

फिल्टरमुळे दुर्बिणीतला प्रकाश वाढत नाही. आलेल्या प्रकाशातला काही भाग तो अडवतो, एवढंच त्याचं काम. नवी दुर्बीण घरी येताच रंगीत फिल्टरांचा संच मागवणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही. जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या गावी शिवारात गेलं की शहरात कधीच न दिसणारं काळं आकाश मिळतं. शहरी उजेडावर उतारा म्हणून विकले जाणारे फिल्टर तिथे घेण्याचं कारण नाही. शिवाय हे फिल्टर मुख्यतः जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड अडवण्यासाठी बनले. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने त्यापुढे त्यांचा फारसा इलाज चालत नाही.

पहिला खर्च करावा तो आयपीसवर. वस्तुभिंगाच्या किंवा आरशाच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागलं की दुर्बीण किती पट मोठं दाखवते ते कळतं. 114 मिमी आरसा आणि 900 मिमी नाभीय अंतर असलेल्या दुर्बिणीत 25 मिमीचं आयपीस 36 पट दाखवतं, 10 मिमीचं 90 पट. आरशाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाची दुप्पट, म्हणजे इथे सुमारे 228 पट, ही उपयोगी मर्यादा. खोक्यावर 450 पट छापलेलं असलं तरी त्या आकड्याला चित्र फक्त मोठं, फिकं आणि पुसट होतं. सोबत आलेलं 4 मिमीचं स्वस्त आयपीस बाजूला ठेवून 32 मिमीचं आणि 12 मिमीच्या आसपासचं, अशी दोन चांगली सव्वा इंची आयपीस घ्यावीत. जोडीला दुप्पट करणारं बार्लो भिंग असलं की बराच काळ भागतं. खरेदीआधी दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून पाहून घेणं उत्तम. पुण्यात 1944 साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या मंडळांच्या आकाशदर्शनात ती संधी मिळते.

किती बारकावा दिसेल हे व्यासावर आणि हवेच्या स्थैर्यावर ठरतं. आष्टीपासून फारसं दूर नसलेलं लोणारचं विवर सुमारे 1.8 किमी रुंद आहे. एवढंच विवर चंद्रावर असेल, तर ते 114 मिमीच्या दुर्बिणीच्या अगदी क्षमतेच्या काठावर येतं. सावल्या लांब असतील आणि हवा निश्चल असेल तरच त्याची चाहूल लागते. कोणताही फिल्टर त्यात भर घालू शकत नाही.

चंद्रासाठीचा करडा फिल्टर फक्त झगझगाट कमी करतो. पौर्णिमेच्या आसपास तो डोळ्यांना सुखाचा वाटतो. रंगीत फिल्टरांपेक्षा आधी घ्यावा तो हाच. 80ए क्रमांकाचा निळा फिल्टर गुरूचे पट्टे किंचित उठून दाखवतो, पण सुमारे 70 टक्के प्रकाश खातो. गडद लाल आणि जांभळे फिल्टर लहान दुर्बिणीत निरुपयोगीच म्हणावेत.

तेजोमेघांची गोष्ट वेगळी. त्यातले काही वायू ठरावीक रंगांतच प्रकाशतात. दोनदा आयनित ऑक्सिजनच्या 496 आणि 501 नॅनोमीटरच्या रेषा तेवढ्या सोडणारा ओ-थ्री फिल्टर स्वरमंडळातला कंकणाकृती तेजोमेघ किंवा हंसातला विरळ झालर तेजोमेघ काळ्या आकाशातही उठावदार करतो. तारकागुच्छ आणि दीर्घिकांवर त्याचा उपयोग नाही. वैशाखातल्या रात्री आष्टीहून दक्षिणेला, क्षितिजावर जेमतेम 23 अंश चढणारा ओमेगा सेंटॉरी हा भव्य गुच्छ बिनफिल्टरचाच पाहावा.

सूर्याच्या फिल्टरबाबत मात्र तडजोड नको. तो दुर्बिणीच्या तोंडावर, आकाशाकडच्या बाजूला, घट्ट बसणारा हवा. यासाठीची खास फिल्म सूर्यप्रकाशाचा लाखावा हिस्सा आत सोडते. काही स्वस्त दुर्बिणींसोबत आयपीसच्या आट्यांत बसणारा काळा सौर फिल्टर येतो. तो फेकून द्यावा. एकवटलेल्या उष्णतेने तो अचानक तडकतो आणि क्षणात डोळा कायमचा जायबंदी होऊ शकतो. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, वेल्डिंगची साधी काच यांपैकी काहीही दुर्बिणीवर चालत नाही. बसवण्याआधी फिल्म उजेडासमोर धरून टाचणीएवढंही छिद्र नाही ना, हे दर वेळी पाहावं. फाइंडरवरही झाकण हवंच. 2 ऑगस्ट 2027 रोजी महाराष्ट्रात दुपारनंतर खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळी ढगांनी वाट दिली, तर ही तयारी कामी येईल.

फाइंडर निवडताना अक्षांशाचा विचार करावा. आष्टी सुमारे साडेएकोणीस अंश उत्तरेला असल्याने मिथुन राशीतला गुरू जवळपास डोक्यावर येतो. सरळ फाइंडरमधून तो शोधायला मान मोडून जमिनीवर बसावं लागतं. काटकोनी फाइंडर हा त्रास वाचवतो. भिंगाच्या दुर्बिणीला मागे काटकोनी आरसा लागतोच. तिवई डगमगत असेल तर मधोमध दगडांची पिशवी टांगावी, हा बिनखर्चाचा उपाय.

लाल उजेडाची बॅटरी आणि फिरता तारानकाशा एवढं झालं की संच पुरेसा होतो. पावसाळ्यात आयपीस सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावीत, नाहीतर भिंगांवर बुरशी धरते. धूळ दिसली तर रबरी फुग्याने उडवावी. कोरड्या फडक्याने पुसल्यास मराठवाड्यातली खरखरीत धूळ भिंगाच्या लेपावर ओरखडे पाडते.