जयभीम हंगेरीच्या डोंगरात

विद्यार्थ्यांची परदेशवारी म्हटली की लेझीम, फेटे आणि फोटो! हीच का सांस्कृतिक देवाणघेवाण? उत्तर हंगेरीच्या डोंगराळ भागातील रोमा समाजाला 'जिप्सी' म्हणून हिणवले जाते. त्यांच्या मुलांना शाळेत वेगळे बसवले गेले. तेथील कार्यकर्ते २००५ व २००७ मध्ये महाराष्ट्रात आले. बाबासाहेबांनी शिक्षणातून उभा केलेला समाज त्यांनी पाहिला आणि २००७ मध्येच शायोकाझा गावी डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा काढली. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले, त्याच वाटेवरचे हे पाऊल. आमच्या बार्शीच्या पोरांनी तिथे जरूर जावे; पण नाचून दाखवायला नव्हे, तर वस्तीतल्या पोरांची अर्ध्यावर सुटलेली शाळा पुन्हा कशी सुरू करायची, हे शिकायला. बाबासाहेबांचा विचार ते जगतात. आम्ही जगतो का?