कपलिंग वाढलं, पण उष्णता जाणार कुठून?

फोनच्या फिल्टरमधला ५ गिगाहर्ट्झचा रेझोनेटर म्हणजे जेमतेम १ मायक्रॉन जाडीचा अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा पापुद्रा. कंपनं निसटू नयेत म्हणून खाली हवेची पोकळी ठेवतात. पण हवा उष्णताही अडवते. ती मुख्यतः कडांवाटेच बाहेर पडते. तापमान वाढलं की फ्रिक्वेन्सी खाली सरकते.

२००९ मध्ये जपानच्या अकियामा आणि सहकाऱ्यांनी त्यात स्कँडियम मिसळून पिझोइलेक्ट्रिक प्रतिसाद सुमारे पाचपट केला. म्हणजे वीज आणि कंपन यांचं कपलिंग वाढतं; पण मिश्रणात फोनॉन विखुरतात, उष्णतावहन घटतं. पोकळीऐवजी टंगस्टन-सिलिकाच्या थरांचा आरसा घातला, तर उष्णतेला खाली वाट मिळते. मात्र थोडी ध्वनिऊर्जा आरशात शिरते आणि कपलिंग कमी होतं.

म्हणून पेपर वाचताना नुसतं कपलिंग बघू नका. ते किती पॉवरवर मोजलंय, तेही बघा.