पॉवर स्टिअरिंगचा पंप : बदलण्याआधीची पडताळणी

जुन्या मोटारीचे स्टिअरिंग जड झाले किंवा ते वळवताना बॉनेटखालून घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागला, की पंप गेला असे निदान लगेच केले जाते. वास्तविक या तक्रारींचे मूळ पुष्कळदा पंपाबाहेर, म्हणजे ऑइल, बेल्ट किंवा पाइप यांत असते, आणि म्हणूनच सोप्या व बिनखर्चाच्या तपासण्या आधी उरकून पंपाला हात सर्वांत शेवटी लावणे शहाणपणाचे ठरते.

क्रायस्लर कंपनीने १९५१ मध्ये इम्पीरियल या मोटारीतून बाजारात आणलेले हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग पुढे जगभर रूढ झाले. त्यातील पंप इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. रोटर या फिरत्या भागाच्या खाचांत बसवलेली पातळ पाती वेगामुळे बाहेर सरकून भोवतालच्या लंबगोल कड्याला टेकतात. दोन पात्यांमधील जागा वाढते तेव्हा टाकीतील ऑइल आत ओढले जाते, आणि ती आक्रसते तेव्हा तेच ऑइल दाबाने स्टिअरिंग रॅककडे, म्हणजे चाके वळवणाऱ्या दांड्याच्या यंत्रणेकडे ढकलले जाते. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवले असता हा दाब बहुतेक मोटारींत ७० ते १०० बारच्या घरात जातो.

तपासणीची सुरुवात ऑइलपासून करावी. ही यंत्रणा बंदिस्त असल्यामुळे ऑइल आपोआप संपत नाही. पातळी उतरली असेल, तर गळती आहे असेच समजावे. जमिनीवर डाग नसला तरी रॅकच्या दोन्ही टोकांवरील रबरी बूट दाबून पाहावेत, कारण आतील सील गेल्यास ऑइल त्या बुटांतच साठून राहते. काळपट, करपट वासाचे ऑइल यंत्रणा तापल्याचे किंवा तिच्यात झीज झाल्याचे सुचवते, तर फेसाळलेले ऑइल हवा शिरल्याची खूण होय. ऑइलचा प्रकार वाहनाच्या पुस्तिकेत दिलेलाच असावा, कारण भलत्या प्रकारामुळे सील खराब होतात.

त्यानंतर बेल्ट पाहावा. स्टिअरिंग टोकाला नेताच कर्कश किंचाळल्यासारखा आवाज आला, तर तो बहुधा सैल किंवा गुळगुळीत झालेल्या बेल्टचा असतो. घोंघावणारा आवाज मात्र बऱ्याचदा ऑइलमधील हवेचा असतो. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपमध्ये दाब नसून ओढ असते, त्यामुळे तेथील क्लिप सैल झाली किंवा ओ-रिंग कडक पडली, तर ऑइलचा थेंबही बाहेर न येता हवा मात्र आत जाते. टाकीच्या तळाची जाळी गाळाने बुजली असल्यासही पंपाला ऑइल अपुरे पडून तो असाच ओरडतो. हे दोष दूर केल्यावर पुढची चाके जॅक व स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश अनेकदा फिरवावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत ऑइलची पातळी राखावी.

लक्षणांचा मेळ घातला असता निदान आणखी नेमके होते. पंप दोन्ही बाजूंसाठी एकच दाब पुरवतो. म्हणून स्टिअरिंग एकाच बाजूला जड लागत असेल, तर दोष रॅक किंवा त्यातील व्हॉल्व्हकडे शोधावा. इंजिन मंद चालताना जड आणि रेस वाढवताच हलके, असे होत असेल, तर घसरणारा बेल्ट किंवा झिजलेला पंप संभवतो. पंपाच्या दाबाच्या बाजूला गेज व झडप जोडून, ती झडप काही सेकंदच बंद केल्यावर ठरलेला दाब मिळाला, तर पंप निर्दोष ठरतो. न मिळाल्यासच तो उतरवावा.

केवळ ऑइल सील गळत असेल, तर सीलचा संच बदलून भागते, परंतु पाती व कडे घासून चरे पडले असल्यास पंपच बदलावा लागतो. अशा वेळी जुन्या पंपाचा धातूचा कीस पाइपांत व टाकीत उरलेला असतो, त्यामुळे संपूर्ण यंत्रणा धुऊन, जाळी साफ करून नवे ऑइल भरल्याशिवाय इंजिन सुरू केले, तर नवा पंपही अल्पावधीत निकामी होतो आणि त्याचे खापर मात्र पुन्हा पंपावरच फुटते.