वीणेची तार आणि आपल्या मुलांचा रियाज

जयंती जवळ आली की आपल्या वस्त्यांमधून रात्री उशिरापर्यंत पेटी-ढोलकीचा आवाज येऊ लागतो. वर्षभर कोपऱ्यात पडून असलेली ढोलकी बाहेर निघते. आठ दिवस चार-चार तास गाऊन मुले ऐन 14 एप्रिलला घसा बसवून घेतात. परीक्षेचेही तेच. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतात. फॉर्म भरला की रियाज सुरू, परीक्षा झाली की बंद! मग आईबाप म्हणतात, "पोटाला चिमटा काढून फी भरतो, पोर पुढे का जात नाही?"

एरंडोलहून जळगाव साधारण 30 किलोमीटर. ज्याचा क्लास तिकडे आहे, तो मुलगा एस.टी.ने आठवड्यातून एकदा-दोनदा जातो. बाकीचे दिवस घरचेच. गाणे शिकवले जाते क्लासात, पण मुरते ते घरी.

सोणाची वीणा

चंपा नगरीचा सोण कोळिविस हा श्रीमंत घरचा मुलगा भिक्खू झाला. राजगृहाजवळ सीतवनात चंक्रमण करता करता त्याच्या कोवळ्या पायांतून रक्त आले, तरी मनासारखे फळ मिळेना. घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला त्याच्या जुन्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर वीणा नीट वाजत नाही, फार ढिली ठेवली तरी वाजत नाही. ती बेताने लावावी लागते. संगीत शिकणाऱ्यासाठी याहून चांगला धडा कोणता?

आजचे संशोधनही याच वाटेने जाते. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन व सहकाऱ्यांनी 1993 साली बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले उत्तम विद्यार्थी रोज सरासरी साडेतीन तास एकट्याने सराव करीत. तोही सलग नव्हे, साधारण सव्वा-सव्वा तासाच्या बैठकांत, मध्ये विश्रांती घेऊन. झोपेतही ते काटकसर करीत नसत.

बाबासाहेबांच्या 18 तासांच्या अभ्यासाचा आदर्श आपण मुलांपुढे ठेवतो, तो योग्यच आहे. पण तो जन्मभराच्या नेमाचा आदर्श आहे, एका रात्रीच्या धडपडीचा नव्हे. आणि गळा व बोटे म्हणजे पुस्तक नव्हे. थकल्यावर ती चुकाच पक्क्या करतात.

मग किती वेळ?

आठ-दहा वर्षांच्या मुलाला रोज 15-20 मिनिटे पुरेत. प्रवेशिकेच्या विद्यार्थ्याने सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास बसावे. विशारदपर्यंत जायचे असेल तर दोन-तीन तास, पण तुकडे पाडून. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये, नेहमीइतकेच करावे. खानदेशच्या उन्हाळ्यात पहाटेची वेळ सर्वांत बरी.

बसल्यावर पाठ झालेलेच वाजवत राहू नये. जिथे अडते ती ओळ, तो तुकडा आधी घ्यावा. लय संथ ठेवावी. बिनचूक आले की मगच वेग वाढवावा. स्वरासाठी मोबाइलवरचा तानपुरा चालतो.

एकाच खोलीत संसार, शेजारी रात्रपाळी करून झोपलेला माणूस, अशा घरात तबला कसा वाजवायचा? तेव्हा पढंत करावी. हातावर ताल धरून बोल हळू आवाजात म्हणावेत. आवाज न करता होणारा हा पक्का रियाज आहे.

गाणाऱ्यांनी ओरडून गाऊ नये. आवाज बसला तर गाणे थांबवावे. तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा वरच्या पट्टीचा हट्ट धरू नये.

आईबापांचे काम

तुम्हाला सूर-ताल कळत नसला तरी चालेल. रियाजाची वेळ ठरवा आणि ती पाळा. त्या वेळेत टी.व्ही. बंद ठेवा. विशेष म्हणजे, मुलगा तबल्यावर बसला आहे म्हणून त्याला उठवायचे नाही आणि मुलगी पेटीवर बसली की तिला पाण्याला धाडायचे, असे करू नका. तिचाही अर्धा तास तितकाच मोलाचा आहे.

बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात, एवढ्या कामाच्या रगाड्यात, व्हायोलिन शिकायला घेतले होते. आपल्या मुलांपुढे तर सारे आयुष्य पडले आहे. पुढच्या जयंतीला मंचावर खणखणीत आवाज हवा असेल, तर आजपासूनच रोज अर्धा तास काढा.