शस्त्र लागण्याआधीचा अर्धा तास

हैदराबादचा सुलतान बाजार हा पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. इथल्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या आग्रहाने आणि निजामाच्या पैशाने १८८९ साली हैदराबादेत दुसरे क्लोरोफॉर्म कमिशन बसले. भूल देणाऱ्या क्लोरोफॉर्मने हृदयाला थेट धोका नाही, हा त्याचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. पण त्याच्या या सूचना आजही पटतात: रुग्ण पाठीवर उताणा हवा, श्वास मोकळा हवा, गळ्याला, छातीला, पोटाला आवळणारे कपडे नकोत.

खुब्याचा सांधा बदलताना मात्र रुग्णाला बऱ्याचदा कुशीवर घेतात आणि मग खरी कसोटी लागते. छेद लहान असला की सर्जनला आतले हाड थोडेच दिसते. कृत्रिम वाटी साधारण ४० अंश कलती आणि १५ अंश पुढे वळलेली बसवायची, तर ओटीपोटाचे हाड टेबलावर नेमके कसे आहे हे आधी पक्के हवे. ते नकळत कलंडले तर वाटीचाही कोन चुकतो आणि पुढे सांधा निखळू शकतो. म्हणून पुढचा टेकू जांघेच्या मध्यावरच्या हाडाला आणि मागचा माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला घट्ट लावतात. पोटावर दाब येऊ देत नाहीत. खालच्या बाजूला बगलेच्या थोडे खाली, छातीशी गुंडाळी ठेवतात, नाहीतर छातीच्या भाराने हाताच्या नसा दबतात. खालच्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला एक नस हाडाला लगटून जाते. तिथे मऊ गादी ठेवायची राहून गेली, तर पाऊल लुळे पडण्याची भीती.

पुढून छेद घेण्याच्या पद्धतीत रुग्ण उताणाच राहतो. स्नायू कापण्याऐवजी दोन स्नायूंमधून वाट काढतात. पॅरिसमध्ये रॉबर्ट ज्युडे यांनी १९४७ मध्ये पाय ताणणाऱ्या टेबलावर हीच वाट वापरली. पाठीवर झोपलेल्या रुग्णाचे ओटीपोट सरळ ठेवणे सोपे, हा मोठा फायदा. पण पोट सुटलेले असेल तर जांघेची घडी ओलसर राहते. तिथे पुरळ किंवा चट्टा असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकललेलीच बरी.

घरच्यांना एक कळकळीची विनंती: आदल्या रात्री वस्तरा फिरवू नका. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. केस काढायचेच असतील तर रुग्णालयात क्लिपरने काढतात. आखडलेला खांदा, पूर्वी बदललेला दुसरा खुबा, पाठीचे जुने ऑपरेशन, हे सगळे आधीच सांगा. कमरेखाली बधिर झालेल्या माणसाला टेकू बोचतो आहे हे कळतच नाही.