मागणीचा क्षण आणि त्यामागची तयारी

व्यापारी घरांतील विवाह जुळण्याची रीत गेल्या दोन पिढ्यांत पुष्कळ बदलली आहे. पूर्वी मध्यस्थ दोन्ही पेढ्यांची माहिती काढीत, वडीलधारी मंडळी बैठकीत होकार देत आणि मुलामुलींना तो कळविला जाई. पुढे बायोडाटा आणि परिचय संमेलने आली. आता स्थळ घरच्यांनी सुचविलेले असले, तरी दोघे काही महिने एकमेकांना भेटतात, विचार जुळतात का ते पाहतात आणि साखरपुडा किंवा गोळधाण्यापूर्वी मुलगा मुलीला स्वतः मागणी घालतो. त्या वेळी काही अंतरावर छायाचित्रकार उभा असतो आणि मुलीला त्याची कल्पना नसते. 'सरप्राइझ प्रपोजल' या नावाने ओळखला जाणारा हा प्रसंग पाहता पाहता विवाहाच्या खर्चाच्या यादीत जाऊन बसला आहे.

ही प्रथा मूळची आपली नाही. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने १४७७ मध्ये बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिल्याचा उल्लेख या प्रथेच्या इतिहासात नेहमी येतो. तरीही सामान्य घरांत हिऱ्याची अंगठी रुळली ती विसाव्या शतकात, मुख्यतः डी बिअर्स कंपनीच्या जाहिरातींमुळे. हिरा चिरंतन असल्याचे सांगणारे तिचे प्रसिद्ध घोषवाक्य १९४७ चे. म्हणजे जी गोष्ट आज परंपरा म्हणून स्वीकारली जाते, तिच्यामागे एक यशस्वी व्यापारी मोहीम आहे, हे व्यापाऱ्यांच्या मुलांनी तरी लक्षात ठेवलेले बरे. प्रथा स्वीकारायची असेल तर ती डोळसपणे स्वीकारावी.

प्रश्न आधी, प्रसंग नंतर

सर्वांत महत्त्वाची तयारी कॅमेऱ्याची नसून संमतीची असते. गुडघा टेकून प्रश्न विचारला जातो, भोवती मित्र जमलेले असतात, कॅमेरा सुरू असतो. अशा वेळी मुलीला विचार करायला अवकाशच उरत नाही. मनात शंका असली तरी ती 'हो' म्हणून मोकळी होते आणि तो होकार नंतर दोन्ही घरांना जड जातो. म्हणून विवाह करायचा की नाही, केव्हा करायचा, कोठे राहायचे, शिक्षण किंवा व्यवसाय पुढे चालू ठेवायचा का, एकत्र कुटुंबात कोणाच्या काय अपेक्षा आहेत, या गोष्टी आधी निवांतपणे बोलून झालेल्या असाव्यात. आश्चर्य असावे ते दिवसाचे आणि जागेचे, उत्तराचे नव्हे.

मुलीच्या आईवडिलांना आधी कल्पना द्यावी. त्यात कमीपणा नाही. शिवाय मुलीला चारचौघांत असे काही आवडेल का, हे तिची आई, बहीण किंवा जिवलग मैत्रीणच सांगू शकते. लाजाळू स्वभावाच्या मुलीला गर्दीतील टाळ्यांपेक्षा एकांत अधिक मानवतो. तिला त्या ठिकाणी नेण्यासाठी सांगायचे निमित्तही साधे असावे. चुलत बहिणीचा वाढदिवस किंवा एखादे प्रदर्शन पुरेसे होते. अपघात झाला, पोलिसांनी अडविले, अशी भीती घालणारी नाटके करू नयेत. त्या काही मिनिटांचा धसका छायाचित्रातही उतरतो.

वेळ, प्रकाश आणि घरचे नियम

छायाचित्रकार सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तास पसंत करतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना प्रकाश सौम्य आणि उबदार असतो, चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडत नाहीत. मुंबईत जूनच्या अखेरीस सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरच्या आरंभी सहाच्या सुमारास. भेटीची वेळ ठरविताना हा सव्वा तासाचा फरक विसरला, की मागणी अंधारात होते. दिशाही पाहावी लागते. मरीन ड्राइव्ह आणि जुहूचा किनारा पश्चिमेकडे, म्हणून तेथे संध्याकाळ खुलते. गेटवे ऑफ इंडियासमोरचे पाणी पूर्वेला, म्हणून तेथे पहाट.

आपल्या घरांत येथे आणखी एक विचार येतो. संध्याकाळचा हा सोनेरी तास म्हणजे चौविहार पाळणाऱ्यांची जेवणाची वेळ. मागणीनंतर हॉटेलात रात्रीचे जेवण ठरविले आणि मुलीला सूर्यास्तानंतर पाणीही चालत नसेल, तर सारा बेत फसतो. अशा वेळी जेवण आधी उरकावे किंवा पहाटेची वेळ निवडावी. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पारली जाते. तेवढ्यात छायाचित्रे निघतात आणि मग दोघांना एकत्र न्याहारी करता येते. चातुर्मासात अनेक घरांत मंगलकार्ये होत नाहीत आणि त्यातले बरेच दिवस पावसाचे असतात. त्यामुळे कार्तिकानंतरचे दिवस दोन्ही दृष्टींनी सोयीचे ठरतात.

सजावटीतही विवेक असावा. आकाशकंदील उडवून सोडणे, पाळीव कबुतरे किंवा डबीतली फुलपाखरे सोडणे, संध्याकाळी उघड्या मेणबत्त्यांच्या रांगा लावणे हे प्रकार जिवांना अपाय करणारे आहेत आणि छायाचित्राला त्यांची गरजही नसते.

जागा आणि परवानगी

जागा ठरविण्यापूर्वी छायाचित्रकारासह त्याच वेळी एकदा तेथे जाऊन यावे. गर्दी किती असते, प्रकाश कोठून येतो, दडायला आडोसा कोठे आहे, हे तेव्हाच कळते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील स्मारकांत तिवई लावायला परवानगी लागते. हॉटेल, उद्यान किंवा खासगी जागा असेल तर व्यवस्थापकाची लेखी संमती घ्यावी. ड्रोनचा मोह शक्यतो टाळावा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग केलेले आहेत. विमानतळांच्या परिसरात मनमानी उड्डाण चालत नाही आणि मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. शिवाय डोक्यावर घोंघावणारे यंत्र आले, की आश्चर्य तेथेच संपते.

प्रत्यक्ष क्षणाचे तंत्र सोपे आहे. ७० ते २०० मिलिमीटरची दूरभिंग वापरणारा छायाचित्रकार पंधरा-वीस मीटरवरून पर्यटकासारखा वावरू शकतो. दोघांनी त्याच्याकडे पाठ करून उभे राहू नये. एका बाजूने दोन्ही चेहरे दिसावेत. मुलाने कॅमेऱ्याच्या बाजूचा गुडघा टेकवावा, म्हणजे उभा गुडघा चेहरा आणि अंगठी झाकत नाही. डबीचे झाकण मुलीकडे उघडावे आणि खिशातला मोबाइल, पाकीट आधीच काढून ठेवावे. सर्वांत मोठी चूक घाईची असते. प्रश्न विचारून झाल्यावर आठ-दहा सेकंद तसेच थांबावे. मुलीच्या चेहऱ्यावरचा भाव त्याच सेकंदांत उमटतो.

अंगठी आणि हिशेब

अंगठीचे माप बहिणीकडून तिची रोजची अंगठी मागवून घेता येते. ती कोणत्या बोटातली आहे, हे विचारायला विसरू नये. सभोवार खडे जडविलेली अंगठी नंतर सैल-घट्ट करणे कठीण जाते. साधे कडे असलेली सोपी. सोन्याच्या दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धता आणि सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून या सहा अंकी क्रमांकाचीच हॉलमार्क पद्धत लागू आहे आणि तो क्रमांक 'बीआयएस केअर' या ॲपवर पडताळता येतो. दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या दागिन्यांना मात्र हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे; नाजूक अंगठी घेताना हे ध्यानात ठेवावे. हिऱ्याच्या अंगठ्या बहुधा १८ कॅरेटच्या, म्हणजे ७५० शुद्धतेच्या असतात. बिलात सोन्याचे निव्वळ वजन आणि हिऱ्याचे वजन वेगळे लिहून घ्यावे. १ कॅरेट हिरा म्हणजे ०.२ ग्रॅम, तो सोन्याच्या भावात तोलला जाता कामा नये. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेत घडविलेला, हेही बिलावर स्पष्ट असावे. दुसरा कमी प्रतीचा नव्हे, परंतु दोहोंच्या किमतीत मोठे अंतर आहे.

छायाचित्रकाराशी व्यवहार लेखी करावा. आगाऊ रक्कम, तास, मिळणाऱ्या छायाचित्रांची संख्या, ती देण्याची तारीख आणि पाऊस आल्यास काय, हे सारे एका कागदावर मावते. कायद्याची एक बाजू अनेकांना ठाऊक नसते. स्वामित्वहक्क अधिनियम १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढवून घेणाराच असतो. मात्र करारात वेगळे लिहिलेले नसेल तरच. छापील करारांत जाहिरातीसाठी छायाचित्रे वापरण्याची मुभा बारीक अक्षरांत असते. ते वाक्य वाचून, नको असल्यास खोडून, मगच सही करावी.

हा खर्च बचतीतून व्हावा. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलली, तर अनेक कार्डांवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज पडते. वर्षाला ते चाळीस टक्क्यांच्या पुढे जाते. पेढीवर कोणी या दराने रक्कम उचलणार नाही. मग संसाराच्या पहिल्या पानावर ती नावे कशाला टाकावी?

होकारानंतर, आणि नकार आला तर

मुलगी 'थोडा वेळ दे' म्हणू शकते, हे गृहीत धरून छायाचित्रकाराला खूण ठरवून द्यावी. ती दिसताच त्याने कॅमेरा खाली करून निघून जावे आणि काढलेली छायाचित्रे पुसून टाकावीत. अशा वेळी मुलाने तिला नीट घरी पोहोचविणे आणि तिच्या उत्तराची चर्चा कोठेही न करणे, यातच त्याची खरी परीक्षा असते.

होकार आला तरी छायाचित्रे लगेच स्टेटसवर ठेवू नयेत. त्यांत मुलीचा चेहरा आहे, तिचे अश्रू आहेत. कोणते चित्र कोणी पाहावे, हे तिने ठरवावे. आणि त्याआधी दोन्हीकडच्या आजी-आजोबांना, काका-मामांना फोन जावा. नातवाचे लग्न ठरल्याचे शेजाऱ्याच्या मोबाइलवरून कळले, तर ते शल्य पुढे पंगतीतील कितीही मानपानाने भरून निघत नाही. तो फोन दोघांनी मिळून करावा. पुढच्या सोयरिकीची सुरुवात त्यानेच होते.