मद्रासहून आलेला साहेब

बडोद्याच्या घडियाळी पोळमधून बाहेर पडून मांडवीच्या कमानींखालून पश्चिमेला चालू लागलं, की थोड्याच वेळात लहेरीपुरा दरवाजा येतो. पोळमधलं जग दाटीवाटीचं: भिंतीला भिंत लागून उभी घरं, जुने कोरीव लाकडी खांब, अंबामातेचं देऊळ आणि नवरात्रात तिथे फक्त पुरुषांनी खेळायचा गरबा. दरवाजा ओलांडला की रस्ता ऐसपैस होतो, पुढे सुरसागर दिसतो आणि त्याच्या अलीकडे न्यायमंदिराची भलीथोरली इमारत. ही वास्तुविशारद रॉबर्ट फेलोज चिझम यांची. जन्माने लंडनचे, नावारूपाला आले मद्रासेत, आणि बडोद्यात पोहोचले ते शहर नव्याने घडत असताना.

1875 साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून उतरवलं आणि नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक येऊन सयाजीराव झाला. कारभार पाहायला दिवाण आले सर टी. माधवराव. कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरी मराठी घराण्यातले, त्याआधी त्रावणकोरचे दिवाण राहिलेले. पुढे 1880 मध्ये सयाजीरावांची वधूही तंजावरहूनच आली, त्या पहिल्या चिमणाबाई. त्यांच्यासोबत नर्तकींचा आणि वादकांचा ताफा आला. राजा रविवर्माही दक्षिणेतूनच इथे आले. चिझम यांनी त्रिवेंद्रमला नेपियर म्युझियम बांधलं होतं. या सगळ्याची सांगड घातली तर माझा कयास असा, की साहेब बडोद्यात शिरले ते मुंबईच्या नव्हे, तंजावर-त्रिवेंद्रमच्या दारातून.

मद्रासमध्ये त्यांचं बस्तान बसलं ते एका स्पर्धेमुळे. 1864 साली प्रेसिडेन्सी कॉलेज आणि विद्यापीठाच्या सेनेट हाऊससाठी आराखडे मागवले गेले. चिझम तेव्हा बंगालच्या बांधकाम खात्यात होते. बक्षीस त्यांना मिळालं आणि ते मद्रासला आले. सेनेट हाऊस उभं राहिलं 1879 च्या सुमारास. तिथल्या कलाशाळेचे ते प्रमुखही होते, त्यामुळे देशी कारागीर काय करू शकतो हे त्यांना फाइलींतून नव्हे, हाताखालच्या कामांतून ठाऊक होतं. ही गोष्ट बडोद्यात कामी आली.

बडोद्यातलं त्यांचं सर्वांत धाडसी काम म्हणजे बडोदा कॉलेज. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कला शाखा जिथे भरते ती इमारत. तिच्या माथ्यावरचा घुमट शहराची ओळख झाला आहे. चौरस दालनावर गोल घुमट बसवायचा म्हणजे कोपऱ्यांचं काय करायचं, हा जुना पेच. विजापूरच्या गोल घुमटाच्या गवंड्यांनी 1656 पर्यंत तो झकास सोडवला होता: एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी उभारायच्या, त्या वर जाता जाता आतल्या बाजूला झुकत एक वर्तुळ तयार करतात, आणि घुमट त्या वर्तुळावर बसतो. घुमटाचं वजन भिंतींना बाहेर ढकलू पाहतं. कमानींवरचं आत लटकणारं दगड-चुन्याचं ओझं तो रेटा तोलून धरतं. चिझम यांनी हीच विद्या अभ्यासली. 1882-83 मध्ये लंडनच्या ब्रिटिश वास्तुविशारद संस्थेपुढे या कॉलेजविषयी आणि भारतातल्या घुमटबांधणीविषयी त्यांनी निबंध वाचला. आदिलशाहीचा धडा लंडनच्या साहेबांना बडोद्याच्या इमारतीचं निमित्त करून शिकवावा, हे मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत विशेष वाटतं.

मात्र बडोद्यातलं त्यांचं बरंचसं काम दुसऱ्याच्या कागदांवरचं होतं. लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरकरांना हे नाव परकं नको. तिथला नवा राजवाडाही त्यांचाच. 1881 मध्ये मँट वारले. आपल्या हिशोबात चूक झाली, वाडे कोसळणार, या धास्तीने त्यांनी प्राण सोडला अशी कथा लोक आजही सांगतात. राजवाडे उभे आहेत, कथाही उभी आहे. अर्धवट राहिलेला लक्ष्मीविलास चिझम यांच्याकडे आला आणि 1890 मध्ये पुरा झाला. दरबार हॉलची फरशी व्हेनिसच्या कारागिरांची, शिल्पं ऑगस्टो फेलिची या इटालियन शिल्पकाराची. सयाजीबागेतलं संग्रहालय, जे 1894 मध्ये तयार झालं, तेही मँट आणि चिझम या दोघांच्या नावावर. मेलेल्या माणसाच्या आराखड्यात आपला हात न दाखवता काम तडीस न्यायचं, हे नवं काढण्यापेक्षा कठीण. आणि त्याचं श्रेय नेहमी पहिल्याच्या पदरात जातं.

न्यायमंदिर मात्र त्यांचं स्वतःचं. आणि इथे मालकाचं मन बदललं! ही इमारत आधी भाजीबाजारासाठी योजली होती. बायझंटाइन वळणाच्या कमानी, आत उंच दालन, मोझेक, हे सगळं वांगी-कोबीसाठी. पुढे महाराजांनी ती न्यायालयाला दिली. 1885 मध्ये वारलेल्या पहिल्या चिमणाबाईंचं नाव तिला मिळालं आणि त्यांचा पुतळा आत बसला. 30 नोव्हेंबर 1896 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. त्यानंतर शतकाहून अधिक काळ त्या दालनांत वकील, अशील आणि तारखा यांचा राबता राहिला, 2018 मध्ये न्यायालय नव्या इमारतीत जाईपर्यंत. बाजारासाठी काढलेली मोकळी, सगळीकडून हवा-उजेड येणारी बांधणी अशिलांच्या गर्दीलाही पुरली, हा मला चिझम यांचा गुण वाटतो. योगायोग म्हणायला हरकत नाही, पण तो ज्याच्या रेघेत आला तिथे रेघ ढोबळ नसावी.

चिझम पुढे इंग्लंडला परतले. लंडनमधलं त्यांचं महत्त्वाचं काम म्हणजे स्लोन टेरेसवरचं ख्रिश्चन सायन्स पंथाचं चर्च, 1907 मध्ये खुलं झालेलं. त्याचीही धाटणी बायझंटाइनच. 1915 मध्ये ते वारले. त्या चर्चमधल्या प्रार्थना 1996 मध्ये थांबल्या, आणि 2004 पासून तिथे कॅडोगन हॉल या नावाने संगीताच्या मैफली होतात. रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचं ते घरचं सभागृह आहे.